मरहूम बरकत गुल

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पोस्टिंग काश्मिरातल्या एका उंच पोस्टवर होती. मी सिग्नल्सचा नाईक. वायरलेस सेट चालू ठेवायचा, ठरल्या वेळी खालच्या बेसशी बोलायचं, टेलिफोनची केबल तुटली की जोडायची, एवढं काम. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की वर फक्त आम्ही आणि बर्फ.

माझा जोडीदार लान्स नाईक युसुफ. काश्मिरात पश्तू बोलणारी थोडी गावं आहेत, त्यातल्या एका गावचा. ड्युटी संपली की तो ट्रान्झिस्टरवर काबूल लावायचा. तिथे बरकत गुल नावाचा गवई गायचा. शिंप्याचा मुलगा, लग्नांत गाता गाता रेडिओवर पोचलेला. युसुफ म्हणायचा, "आमच्याकडे याच्या गाण्याशिवाय नवरी सासरी निघत नाही." तो मला ओळी समजावून सांगायचा. आमचं बोलणं हिंदीत असायचं, इथे मराठीत लिहितो आहे. हळूहळू मलाही त्या आवाजाची सवय लागली. थोडा घोगरा, वर जाताना किंचित फाटणारा.

एका सकाळी केबल तुटली. युसुफ पाहायला उतरला. मी सेटवर होतो.

"तुटलेली जागा सापडली. ओव्हर."

"वर बर्फ सरकतंय. काम सोड, परत ये. ओव्हर."

"बांधतो आणि निघतो. ओव्हर."

मग आवाज झाला. सेटवर नव्हे, बाहेर. मी त्याला हाक देत राहिलो. शेवटी कॅप्टन साहेबांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढला. आम्ही अंधार पडेपर्यंत खणलं. युसुफ बर्फ वितळल्यावर मिळाला. माझ्या उजव्या पायाची बोटं हिमदंशाने गेली. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं.

घर म्हणजे विक्रोळीची चाळ. भाऊ कारखान्यात, वहिनी तिच्या कामात. सगळे चांगले वागायचे. भाऊ एकदा म्हणाला, "अरे बोल ना काहीतरी, भिंतीकडे काय बघत बसतोस?" मी अंधेरीतल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत सिक्युरिटीची नोकरी धरली.

तिथे एक पन्नाशीचा पठाण यायचा. सिनेमात पठाण आला की कोरसमध्ये "ओय, ओय" ओरडायला त्याला बोलवत. एका दुपारी तो गेटजवळ चहा पिताना स्वतःशीच गुणगुणला. वर जाताना आवाज किंचित फाटला. मी उठून उभा राहिलो.

"उस्ताद बरकत गुल?"

त्याने कप खाली ठेवला. "इथे हे नाव कुणी सांगितलं?"

"युसुफने," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. मग त्याने स्वतःचं सांगितलं.

काबूलमध्ये नव्या सरकारची स्तुती गायला नकार दिला म्हणून त्याला रातोरात निघावं लागलं होतं. बायको जलालाबादजवळच्या गावी, दिराच्या घरी राहिली. तेव्हापासून निरोप नाही. जोगेश्वरीच्या खोलीत त्याच्याकडे रबाब नावाचं एक तंतुवाद्य आणि एक जुना रेडिओ होता. काबूल लागत नसे. एरियल लावायचं काम मला येत होतं. रविवारी मी गच्चीवर तांब्याची तार ताणली. संध्याकाळी स्टेशन लागलं, आणि थोड्या वेळाने त्याचंच गाणं. तो हसला. गाणं संपल्यावर निवेदक काहीतरी बोलला. मला एकच शब्द कळला: मरहूम. म्हणजे कैलासवासी.

बरकत गुलने रेडिओ बंद केला. "तिनेही ऐकलं असेल," तो म्हणाला.

स्टुडिओच्या रेकॉर्डिस्टला मी गाठलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने माइक दिला. बरकत गुल आधी आपलं नाव बोलला, मग "मी जिवंत आहे" म्हणाला, आणि गायला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट डबा उघडायचा विसरला. ती कॅसेट सुक्या मेव्याचा एक व्यापारी पेशावरला घेऊन गेला.

व्यापारी परतला तेव्हा आम्ही दोघं खोलीत होतो. कॅसेटच्या शेकडो नकला झाल्या होत्या. निर्वासितांच्या छावण्यांत, ट्रकमध्ये, चहाच्या दुकानांत तीच वाजत होती. एवढं नाव बरकत गुलला काबूलमध्येही मिळालं नव्हतं.

"आणि ती?" बरकत गुलने विचारलं.

व्यापाऱ्याने खाली पाहिलं. "छावणीत आहे. तिने ऐकली. पण उस्ताद, रेडिओवर खबर आल्यानंतर घरच्यांनी तिचा दिराशी निकाह लावला होता."

"भाऊ चांगला माणूस आहे," बरकत गुल म्हणाला. "तिला सांभाळेल." पाहुण्याला चहा हवा म्हणून तो स्टोव्हला पंप मारायला बसला. खूप वेळ मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत आला. "ओय, ओय" करून गेला. परत कधी गायला नाही. मी दर रविवारी जायचो.

त्याची छाती कमजोर झाली होती. एका हिवाळ्यात तो गेला. दफनाला मी, रेकॉर्डिस्ट, व्यापारी आणि स्टुडिओच्या गेटवरचा चहावाला. मौलवींनी मला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"माझ्या युनिटचा माणूस होता," मी म्हणालो.

माती देताना मी मनात दोन नावं घेतली. लान्स नाईक युसुफ. उस्ताद बरकत गुल.