डॅशबोर्डच्या पाठीवरचं नाव

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या उन्हाचा सगळा राग मोटारीच्या डॅशबोर्डवर. चार उन्हाळे गाडी उघड्यावर राहिली, की टाचेला पडाव्यात तशा भेगा त्याला पडतात. मग मालक काय करतो? वर गालिच्याचा तुकडा टाकतो आणि नामानिराळा होतो. नोलीन ट्रेव्होरोचं डोकं त्या तुकड्यांनी फिरायचं. "झाकून ठेवलेलं दुखणं बरं झालेलं मी तरी पाहिलं नाही," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायची. गिऱ्हाईक मुकाट्यानं किल्ली तिच्या हातात द्यायचं, कारण बासष्टाव्या वर्षीही तिच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती.

गाड्यांच्या सीटा आणि डॅशबोर्ड दुरुस्त करायची ती शेड मुळात तिच्या बापाची, क्लेमची. नोलीन जन्मली त्याच आठवड्यात त्यानं दारावर पाटी रंगवली: 'ट्रेव्होरो आणि मुलगी'. गावात जो तो 'आणि मुलगा' लावायचा, त्यामुळे लोकांची हसून पुरेवाट झाली. क्लेमला त्याचं काही नव्हतं. नोलीन अकरा वर्षांची असताना तो क्वीन्सलँडच्या रस्त्यावर ट्रक उलटून मेला, असं आईनं सांगितलं. प्यायलेला होता आणि कुठल्याशा बाईकडे निघाला होता, हेही सांगितलं. चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाची एक छोटी फरशी आहे. दर ऑगस्टात मायलेकी तिथं फुलं ठेवून यायच्या. नोलीन जायची ती आईसाठी. बापाला तिनं माफ केलं नव्हतं. मात्र रंगांची मिश्रणं लिहिलेली त्याची वही तिनं टाकली नाही. ती वाचून वाचूनच ती काम शिकली, आणि त्यातली लांब शेपटीची अक्षरं तिला स्वतःच्या अक्षरापेक्षाही ओळखीची झाली.

त्या मंगळवारी गॅव्हिन शुल्त्झ एकोणसत्तर सालची व्हॅलियंट घेऊन आला. लांब क्वीन्सलँडातल्या लिलावात घेतलेली गाडी, त्यामुळे स्वारी हवेत होती.

"नोलीन, शनिवारी जुन्या गाड्यांच्या क्लबाची फेरी आहे. तोवर होईल ना?"

"आधी गालिचा उचल."

त्यानं उचलला. खाली सात भेगा होत्या.

"हे बघून तुला जेवण जातं कसं?" नोलीन म्हणाली. "शनिवारी सकाळी ये. नाहीतर बायकोलाच पाठव, ती कमी बोलते."

भेगा जागच्या जागी बुजवणं तिला मान्य नव्हतं. आख्खा डॅशबोर्ड सोडवून बाकावर घ्यायचा, भेगेच्या कडा कापून तोंड रुंद करायचं, लवचिक लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, कातड्याचा पोत उठवायचा आणि मग पातळ हात देत देत रंग चढवायचा. रंग कुठला द्यायचा, ते समोरच्या खणाच्या मागच्या कडेवर बघायचं. तिथं ऊन पोचत नाही, म्हणून मूळचा निळा तिथं जसाच्या तसा असतो. तो बघायला तिनं डॅशबोर्ड पालथा केला.

पाठीच्या पत्र्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. त्यात नवल नव्हतं. या कामातली माणसं कुणाला दिसणार नाही अशा जागी नाव, गाव, तारीख टाकतातच. आधी कुणाचा हात लागलाय ते बघू म्हणून तिनं चष्मा पुसला.

'क्लेम ट्रेव्होरो आणि मुलगी. लाँगरीच. १४ फेब्रुवारी १९९१.'

तिनं तीनदा वाचलं. लाँगरीच म्हणजे क्वीन्सलँडच. बाप मेला बहात्तर साली. एक्क्याण्णव सालात त्याच शेपटीच्या अक्षरांत हे लिहिलं कुणी? ती रंगाच्या डब्यावर बसली. बाप जिवंत होता, हा धक्का एक. पण त्याहून झोंबले ते पुढचे दोन शब्द. कुठली मुलगी? म्हणजे तिकडे दुसरी झाली होती, आणि तिलाही त्यानं तीच पाटी दिली होती.

शेडमागेच घर होतं. शहाऐंशी वर्षांची थेल्मा स्वयंपाकघरात चहा घेत रेडिओवर घोड्यांची शर्यत ऐकत होती. नोलीननं डॅशबोर्ड तसाच उचलून तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

"अगं, मेजपोश खराब होईल."

"वाच, आई," म्हणत ती समोरच्या खुर्चीत बसली.

थेल्मानं वाचलं आणि रेडिओ बंद केला. शर्यत संपली नव्हती. तेवढ्यावरून नोलीनला कळलं, की आईला यात नवं काही नाही.

"बाबा मेला नव्हता."

"नव्हता. सोडून गेला होता."

"आणि ट्रक?"

"ट्रक मी उलटवला," थेल्मा म्हणाली. "मग काय सांगणार होते? बाप तुला टाकून गेला म्हणून? बाप मेलेल्या पोरीच्या डोक्यावरून लोक हात तरी फिरवतात."

"पन्नास वर्षं फुलं वाहिली मी."

"मीही वाहिली. आपण सांगितलेलं आपल्यालाच खरं वाटायला लागतं गं."

"ही दुसरी मुलगी कोण?"

"दुसरी कुठली? ती बाईसुद्धा वर्षात त्याला सोडून गेली. मुलगी त्याला एकच."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. पंच्याऐंशी साली आला होता, तू बसलीयस त्याच खुर्चीत बसला होता."

नोलीन खुर्चीवरून उठली. "गावात आला, आणि मला न भेटता गेला?"

"आधी तुलाच भेटला. फाटकी सीट शिवायला घेऊन आला होता. दाढी वाढवलेली, पार वाळलेला. म्हणाला, पोरीनं ओळखलं नाही. मी म्हटलं, मग आता ओळख देऊ नकोस. तर म्हणाला, नाही देत, मला तिचं उत्तर मिळालंय."

"कसलं उत्तर?"

"ते नाही बोलला. चहा अर्धा टाकून गेला. पुढं त्याचं काय झालं, देवाशपथ मला माहीत नाही."

नोलीनच्या लक्षात चेहरे राहत नाहीत, सीटा राहतात. लाल सीट, चालकाच्या बाजूची शिवण उसवलेली. दाढीवाल्यानं सहज विचारावं तसं विचारलं होतं, "तुझा बाप कुठं असतो?" तिनं दातांत दोरा धरून, मान वर न करता सांगितलं होतं, "मेला. बरं झालं मेला." त्यावर तो टोपी काढून बाकावर बसला होता, आणि सीट शिवून होईपर्यंत तिच्या हातांकडे बघत राहिला होता.