न मागितलेली यापा

कोचाबांबाच्या बाजारात बासिलियाबाईंशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. बटाट्यांच्या ढिगामागे एकावर एक तीन घागऱ्यांचा घेर पसरून त्या बसल्या, की गिऱ्हाइकाने पिशवी आणि अक्कल दोन्ही सांभाळावी. वजनावर मूठभर यापा, म्हणजे फुकटचा वरचा माल, मात्र त्या सढळ हाताने घालत. अट एकच, ती मागायला हवी. न मागता यापा देणाऱ्याचा माल सडका, हा बाईंचा सिद्धान्त होता.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, तेव्हा दवाखान्यातही त्यांनी हाच तराजू काढला. समोर डॉक्टर रोकाबादो, बाईंच्या लेकीच्या वयाची.

"नव्या यंत्राने किरणांचा शेक घेतला तर आतड्यांना त्रास कमी, पण रांग मोठी आहे," ती म्हणाली. "जुन्याने लगेच सुरू करता येईल. दोन्हींनी बाहेरून द्यायचा. आणि शेवटी थोडा आतून, नळी घालून."

"जुनंच द्या. आतलं नको."

"ते कशानेही चुकत नाही, बाई. नाहीतर दुखणं उलटायची भीती."

"मी मागितलं होतं? न मागता यापा देतेस, म्हणजे तुझा आधीचा शेकच कच्चा!"

बाहेरचा शेक त्यांनी मुकाट घेतला आणि आतल्याच्या दिवशी सरळ दुकानात येऊन बसल्या. खरं म्हणजे परक्यांपुढे घागरे उतरवून झोपायचीच त्यांना धास्ती होती. पण भीती वाटते असं कबूल करील ती बासिलिया कसली!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पिशवी घेऊन हजर. तिने भाव विचारला आणि सांगितला तेवढा गुमान दिला. असलं बावळट गिऱ्हाईक पाहून बाईंना कीव आली. त्यांनी आपण होऊन चार बटाटे वर टाकले.

"मी मागितले होते?" डॉक्टर म्हणाली. "म्हणजे खालचे सडके?"

"सडके? माझे? अगं, घरी गेल्यावर कमी पडू नयेत म्हणून टाकले!"

"मग आतला शेक मी तरी कशासाठी देतेय?"

बाईंनी उगाचच एक बटाटा घागऱ्याला पुसला.

"भीती वाटते गं, पोरी."

"गुंगीचं औषध देऊ. काही कळणार नाही."

सोमवारी बाई दवाखान्यातल्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. दोन घागरे उतरवले आणि तिसरा मुठीत घट्ट धरला.

"हा झोप लागेपर्यंत राहील. माझी यापा."

"मागितलीत ना?" डॉक्टर हसली. "मग घ्या."