'खोकला लपवू नका', असं मीच लिहिलं होतं

सकाळचे साडेदहा. चिखली तालुक्यातलं एक सरकारी आरोग्य केंद्र. बाकावर सहा टीबीचे पेशंट, सातवा मी. तीस वर्षं बातमीदारी केली की किस्से जुन्या पेपरांसारखे साचतात. फरक एवढाच, यांना रद्दीवालाही नेत नाही!

---

'खोकला लपवू नका' ही लेखमाला माझी. शेवटचा भाग लिहिला तेव्हा मला खोकायला लागून महिना झाला होता. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही! ओळख निघू नये म्हणून लोणारची एसटी धरली, वाटेत या केंद्राच्या गावात उतरलो आणि तोंडाला रुमाल बांधून रांगेत उभा राहिलो. थुंकीची डबी घेताना टेक्निशियन सगळ्यांदेखत ओरडला, "अरे सायेब! तुमचेच लेख भिंतीवर लावले ना आम्ही!"

---

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. चहाच्या टपरीवर मी छाती काढून जाहीर केलं. दोस्त वसंता म्हणाला, "यात लाजायचं काय बे!" मग टपरीवाल्याकडे वळून हळूच, "सायबाचा कप अलग ठेव."

---

बाकावर शेजारी उंद्रीच्या शबानाभाभी. शिलाई मशीनवर घर चालवतात. मागे त्यांच्या टीबीची बातमी मीच केली होती. नाव बदललं, आणि लिहिलं काय, तर 'शाळेसमोर ब्लाउज शिवणारी महिला'!

"नाव बदलून काय उपेग, भाऊ? घराचा पत्ताच छापला ना तुम्ही! महिनाभर कपडा घेऊन कोनी आलं नाही."

मी माफी मागितली.

"माफी राहू द्या. शर्ट शिवायले टाका."

---

तर ते साडेदहा. "वरूनच स्टॉक नाही," हे भाभी तीन आठवडे ऐकत होत्या. मधेच गोळ्यांत खंड पडला की टीबी औषधाला दाद देत नाही, हेही त्याच भिंतीवर, माझ्याच लेखात. माझ्याही गोळ्या आदल्या दिवशी संपलेल्या. मी पेटलो! जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावून गरिबांच्या आरोग्यावर पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. अख्खा बाक ऐकत होता.

तासाभरात कर्मचारी गोळ्यांचं खोकं घेऊन धावत आला आणि ते माझ्या हातात ठेवलं. "झालं सायेब तुमचं काम."

"अन् यांचं?"

"स्टॉक नाही ना, सायेब."

भाभी म्हणाल्या, "लई दणका देल्ला, भाऊ. पन एकट्यासाठीच काऊन?"

खोकं त्यांना द्यायला गेलो. लेबलवर घाईत लिहिलेलं माझं नाव. त्याच्या वर पेनानं खोडलेलं दुसरं. भाभींनी बोट ठेवून वाचलं.

"हे त माह्यं नाव हाय."

खोडलेल्या नावापुढे खोकं आल्याची तारीख होती. तीन आठवड्यांपूर्वीची.