बोक्याचं डोहाळजेवण

नवी नवरी असताना मी एका बोक्याचं डोहाळजेवण केलं होतं.

झालं असं, की घरच्या मांजराच्या पोटाखाली माझ्या हाताला गाठ लागली. त्यात त्यानं दूध सोडलं आणि दिवसभर अंगणातलं गवत चावत बसायला लागलं. त्या दीडशहाण्या पोरीला, म्हणजे मला, वाटलं, डोहाळे! गल्लीतल्या बायका बोलावल्या, त्याच्या गळ्यात शेवंतीची वेणी घातली. सासूबाईंनी शांतपणे शेपूट उचलून पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. गल्ली कित्येक दिवस हसत होती. मीही हसले. गाठ कशाची, हे मात्र कोणी विचारलं नाही. बोका वाळत गेला, आणि एक दिवस परसातल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड जाऊन निजला तो उठलाच नाही.

यंदा माझ्या म्हाताऱ्या मांजरीनं दुधात कुस्करलेली भाकर हुंगून सोडली, तेव्हा मी आधी तिचं पोट चाचपलं. होती. बोराएवढी, टणक.

महागावला जनावरांच्या दवाखान्यात नेते म्हटल्यावर आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "मांजरीले कायले दवाखाना? लोक हसतीन."

माझ्यावर हसायचं लोकांचं कधीच उरकून झालंय, असं सांगून मी तिला चेनच्या थैलीत घातलं आणि एसटी पकडली.

दवाखान्यात सगळे बैल, गाई आणि बकऱ्या. एका बैलवाल्यानं थैलीत डोकावून विचारलं, "आजी, दूध किती देते?"

"तुह्या बैलाइतकंच," मी म्हटलं आणि रांगेत त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. म्हातारपणाचा एवढा तरी फायदा घ्यावा.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिनं गाठ दाबून पाहिली आणि सरळ सांगितलं: काढावी लागेल, पण वय झालंय, भुलीतून उठेलच असं नाही. उठली तरी गाठ पुन्हा येऊ शकते. घरी विचारून या, म्हणाली. मी म्हटलं, घरी विचारायची खोड मला कधीच नव्हती. काढा.

मांजरी बाहेर आली तेव्हा जिवंत होती, एवढंच. घरी आल्यावर पाणीसुद्धा घेईना. हे तिच्याकडे बघत नसल्याचं सोंग करत होते, पण वर्तमानपत्राचं पान काही उलटत नव्हतं. मी बोटानं दूध चाटवत राहिले आणि तिला बजावलं, पऱ्हाट्यांकडे जायचं नाव काढलंस तर याद राख.

एका सकाळी स्वयंपाकघरात वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर हे गुडघे धरून खाली बसलेले, भाकर कुस्करून देताहेत, आणि ती खाते आहे. मला बघून त्यांनी कुस्करणारा हात लपवायचा प्रयत्न केला. जमला नाही. मी दारातच उभी राहून बघत राहिले, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं असावं. वाटी चाटूनपुसून स्वच्छ होईपर्यंत ते मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले,

"आता गाठ आली त मले सांगजो. थैली मी धरतो. तू फक्त पाहून घे, मांजर हाय का बोका."