रेणुकादास आणि उस्तादांची लोखंडं

रेणुकादास निलंगेकर आणि गोल्फची काठी यांची पहिली भेट झाली तेव्हा गोदावरी वाहायची थांबली होती, असं नांदेडातले जुने लोक सांगत. पलीकडच्या काठावरच्या म्हशींनी रवंथ बंद केला. धर्माबादकडून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं शिट्टीची दोरी ओढली, ती सोडायचं तो विसरला. आणि मुदखेडच्या फलाटावर भजी तळणाऱ्या माणसाच्या पगडीवरून काहीतरी पांढरं सूंऽऽ करत निजामाबादच्या दिशेनं निघून गेलं.

भजीवाला सोडून द्या. म्हशी आणि गोदावरीही सोडून द्या. उरलं ते एवढंच, की रेणुकादासानं डोळे मिटून काठी फिरवली आणि चेंडू जिथं जायला हवा होता तिथंच गेला.

निजाम सरकारच्या राज्यात जकात खात्याला करोडगिरी म्हणत. रेणुकादास त्या खात्यात नांदेडला कारकून होता. बारीक अंगाचा, मोठ्या कानांचा, आणि शेरवानीत शिरला की म्यानात घातलेल्या पळीसारखा दिसणारा. त्याच्या साहेबांचं नाव मीर यावर हुसेन. हुद्दा मोहतमीम, म्हणजे जिल्ह्यात खात्याचे मालकच. साहेबांना गोल्फचं वेड होतं. नदीकाठच्या पडीक जमिनीवर त्यांनी झेंडे रोवले होते. हिरवळ कुठली यायला? म्हणून झेंड्याभोवती वाळूत तेल ओतून ती थापून घेतली होती. शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे आणि साहेब त्या रानात चेंडू बडवत असत.

अशाच एका शुक्रवारी रेणुकादास तातडीचे कागद सहीला घेऊन गेला. साहेबांनी सहीसाठी कलम घेतलं आणि हातातली काठी त्याच्याकडे दिली. "पकडो मियाँ, ज़रा." तेवढ्यात एक गांधीलमाशी रेणुकादासाच्या पायाशी घोटाळू लागली. माणूस भित्रा. त्यानं देवीचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि काठी फिरवली. माशी वाचली. तिथं पडलेला साहेबांचा चेंडू मात्र उठला, आभाळात एक सुबक कमान काढून खाली आला आणि घरंगळत झेंड्याच्या काठीला टेकला.

साहेबांच्या कलमातली शाई कागदावर ठिबकली.

"हात को क्या लगा?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"काही नाही, हुजूर. लोण्यातून सुरी गेल्यावाणी वाटलं."

"लोणी!" साहेबांनी डोळे मिटले. "मियाँ, ये लोणी मैं बरसों से ढूँढ रहा हूँ."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं आणि कपाटातून चामड्याची लांब पिशवी काढली. आत लोखंडी टोकाच्या काठ्या होत्या. रेल्वेचा एक स्कॉच इंजिनिअर मायदेशी परतताना त्या साहेबांना देऊन गेला होता. हातोडीनं ठोकून घडवलेलं पोलाद, पातं इतकं पातळ की शेजारी पापड ठेवला असता तर तोच जाड दिसला असता. चेंडू लागायची खरी जागा चवन्नीएवढी. त्या चवन्नीवर लागला तर लोणी. तिच्या बाहेर लागला, तर पोलाद तो गुन्हा लपवत नसे. मनगटापासून दाढेपर्यंत सगळ्यांना कळवत असे. साहेबांनी ते कळवणं पुष्कळ सोसलं होतं. अखेर त्यांनी ही लोखंडं कपाटात ठेवली होती आणि स्वतः जाड बुडाच्या, गरीब स्वभावाच्या काठ्यांनी खेळत होते.

"ये उस्तादों का माल है," साहेब म्हणाले. "आज इनका उस्ताद मिल गया."

वरिष्ठानं काही दिलं की दोन्ही हातांवर रुमाल पसरून घ्यायचं, रुमालावर रुपयाची नजर, म्हणजे नजराणा, पेश करायची आणि तीन पावलं मागं सरायचं, अशी रीत. रेणुकादासानं ती पाळली. अशी भेट नाकारता येत नाही, विकता येत नाही, आणि घरी ठेवून नुसती पुसतही बसता येत नाही. देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती वापरावी लागते.

शुक्रवार सुरू झाले. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून, डोक्यावर दस्तार बांधून रेणुकादास मैदानात उभा राही. मागं पिशवी धरून कचेरीतला म्हातारा शिपाई रामकिशन. पहिल्या शुक्रवारी रेणुकादासानं मारलं आणि चेंडू बाजूच्या बाभळीत गेला. त्याच्या हातात असा झिणझिणाट झाला, की काठी जिवंत आहे असं वाटून त्यानं ती टाकून दिली.

"इंचू चावला का, बाबूजी?" रामकिशननं विचारलं.

"नाही रे. लोखंड चावलं."

"मग जोरात वरडा की. मी साहेबास्नी सांगतो उस्तादाचा मंत्र हाय म्हून."

त्यानं खरंच तसं सांगितलं, आणि साहेबांनी मान डोलावली.

आता हे सगळं रेणुकादासानं हसत सोसलं असतं. खेळच तो. पण त्याचा जीव लातूरला अडकला होता. त्याची बायको चंद्रप्रभाबाई लातूरच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. घरातली पहिली शिकलेली सून, पहिली पगार आणणारी बाई. तिनं नोकरी सोडावी असं म्हणायची रेणुकादासाची छातीही नव्हती आणि इच्छाही नव्हती. पण लग्न झाल्यापासून संसार चालला होता तो शाळेच्या सुट्ट्यांत. लातूरला करोडगिरीचा नाका होता. तिथली एक जागा मिळाली, की नवराबायकोनं एका घरात राहायचं, संध्याकाळी एका ताटलीतल्या शेंगा फोडायच्या, एवढंच त्याचं स्वप्न होतं. बदलीच्या अर्जावर सही हवी होती मोहतमीमसाहेबांची.

"लातूर में मैदान है?" साहेबांनी विचारलं.

"नाही, हुजूर."

"फिर उस्ताद वहाँ क्या करेगा?" साहेबांना खरोखरच वाईट वाटलं. "नक्को मियाँ. मैं इतना ज़ालिम नहीं."

तेव्हा रेणुकादासानं ठरवलं, की खरं सांगून टाकायचं. पण खरं सांगायची भाषा कचेरीत नव्हती. तिथं प्रत्येक जण दिवसभर 'मी नाचीज, मी खाकसार, मी आपल्या पायाची धूळ' म्हणत असे. सुभ्याचे मोठे अंमलदारसुद्धा म्हणत. रेणुकादासानं हात जोडून सांगितलं, "हुजूर, या नाचीजाला खेळातलं काही कळत नाही." साहेब बाजूच्या माणसाला म्हणाले, "तहज़ीब देखो!" पुढच्या शुक्रवारी तो म्हणाला, "हुजूर, तो फटका निव्वळ नशिबाचा होता." साहेबांचे डोळे पाणावले. ज्याला खरोखर येतं तोच असं बोलतो, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

बरं, वाईट खेळून दाखवावं, तर तो त्याहून वाईट खेळूच शकत नव्हता. साहेब दर शुक्रवारी जिंकत आणि घरी जाऊन बेगमसाहेबांना सांगत, की हा माणूस इतक्या नजाकतीनं हरतो, की आपल्याला जिंकल्याचा संकोच वाटू नये. आणि अधूनमधून, कुठल्या तरी पापाची फेड म्हणून, चेंडू त्या चवन्नीवर बसे. आवाज न करता उठे. हातांना लोणी लागे. मग साहेब रुमालानं डोळे टिपत आणि लातूर आणखी लांब जाई. लाजिरवाणी गोष्ट अशी, की त्या क्षणापुरतं रेणुकादासालाही लातूर आठवत नसे.

दसऱ्याच्या सुट्टीत चंद्रप्रभाबाई मोटारीनं नांदेडला आल्या. नवऱ्याच्या तळहातांवरचे घट्टे बघून त्यांनी नाडीपरीक्षा केल्यासारखा हात उलटासुलटा केला.

"काय करून राहिले तुम्ही? कचेरीत लेखणी चालवता का पहार?"

"गोल्फ."

"साहेब खूश आहेत ना?"

"तेच तर दुखणं आहे."

हे दुखणं त्यांना पटलं नाही. शाळेत त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की जे मूल चांगला अभ्यास करतं त्याला मागितलेलं मिळतं. यांना लातूर मिळत नाही, अर्थात यांचा अभ्यास कमी पडतो. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची असतात. रेणुकादास बाजारात गेल्यावर त्यांनी पिशवी उघडली, लोखंडाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. हत्यार बोथट! बोथट हत्यार पुजायचं म्हणजे देवीची थट्टा. त्या पिशवी घेऊन थेट माणिकप्पा लोहाराकडे गेल्या.

माणिकप्पानं लोखंड उन्हात धरलं. "बाई, पोलाद लई जातिवंत हाय. कोन्या नालायकानं धार घालवली?"

"आमच्या घरातल्यांनीच. लावा परत. जपून."

माणिकप्पानं सणावाराचं काम म्हणून मन लावून धार लावली. बाईंनी लोखंडांना हळदकुंकवाचे पट्टे ओढले, झेंडूची माळ घातली. संध्याकाळी रेणुकादासानं भक्तिभावानं नमस्कार केला. कुंकवाखाली काय आहे, ते त्याला दिसलं नाही.

"आता बघा," बाई म्हणाल्या. "लातूर आलंच म्हणा."

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी हैदराबादहून साहेबांचे साहेब आले होते. नाझीमसाहेब. आपल्या जिल्ह्यात कसा उस्ताद आहे, हे यावर हुसेनसाहेबांनी त्यांना जेवताना सांगितलं होतं, चहाला सांगितलं होतं आणि मैदानात येईपर्यंत वाटेतही सांगितलं होतं. आता त्यांची स्वतःची इज्जत त्या चेंडूवर ठेवलेली होती. लांब, नदीकाठच्या पिंपळाखाली चंद्रप्रभाबाई पदर सावरून बसल्या होत्या.

रेणुकादासानं दस्तार नीट केली. काठी वर गेली, खाली आली.

आवाज झाला तो भोपळा चिरल्याचा. चेंडूचं वरचं कातडं एकीकडे उडालं आणि आत गुंडाळलेला रबराचा बारीक दोरा सुटला. तो सळसळत, उड्या मारत, शेवयांसारखा पसरत गेला आणि नाझीमसाहेबांच्या बुटांभोवती गुंडाळला गेला. लोखंड तिथंच थांबलं नाही. काळ्या मातीत मानेपर्यंत शिरलं आणि उभं राहिलं. रामकिशननं पुढं होऊन दोन्ही हातांनी ओढलं.

"निगत न्हाई, हुजूर," तो म्हणाला. "मूळ धरलंय."

नाझीमसाहेबांनी बुटावरच्या शेवया बघितल्या. "यावर मियाँ, ये मैदान है या बावर्चीख़ाना?" आणि हसत हसत ते तंबूत चहाला निघून गेले.

यावर हुसेनसाहेब गेले नाहीत. लोखंड बाहेर निघाल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, कडेवर बोट ठेवलं आणि झटकन मागं घेतलं. बोटाला रक्त आलं होतं.

"किसने किया?"

रेणुकादासानं पिंपळाकडे बघितलं नाही. "मीच, हुजूर."

"क्यों?"

आणि तेव्हा रेणुकादासाच्या तोंडातली सगळी उर्दू संपली. नाचीज संपला, खाकसार संपला. लहानपणी निलंग्याच्या गल्लीत बोलत असे तशा आवाजात तो ओरडला, "कारण मला येतच न्हाई हो, साहेब! एक दिवस बी आलं न्हाई! गांधीलमाशी होती तिथं, तिला मारायला गेलो मी. तुमचं हे लोखंड हाताला चावतं, रात्री दाढा दुखतात. बायको तिकडं लातूरला एकटी राहून राहिली. मला सोडा!"

रामकिशननं आपण तिथं नाही असं दाखवण्यासाठी डोळे मिटून घेतले.

साहेब चामड्याच्या पिशवीवरच मांडी घालून बसले. मग म्हणाले, "मुझे भी नहीं आता, मियाँ." बोटाचं रक्त त्यांनी रुमालाला पुसलं. "उस गोरे ने मेरा एक अच्छा फटका देख लिया था. बस एक. ये लोखंड देके चला गया. तब से फँसा हूँ. किसी को बोल नहीं सका."

दोघं तेल थापलेल्या वाळूकडे बघत बसले. साहेबांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. रेणुकादासाला वाटलं, की आता. आत्ताच.

"मग हुजूर, लातूर?"

साहेबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळ्यांत माया दाटली होती.

"अब तो बिल्कुल नक्को," साहेब म्हणाले. "उस्ताद तो कोई भी मिल जाता. सच बोलनेवाला कहाँ से लाऊँ?"

लोखंडांची धार काढून द्यायला माणिकप्पानं साफ नकार दिला. धार लावणं त्याचा धंदा होता, घालवणं नव्हे. तेव्हा साहेबांनी आपल्या जाड बुडाच्या काठ्यांतल्या निम्म्या रेणुकादासाला दिल्या. पुन्हा रुमाल, पुन्हा रुपया, पुन्हा तीन पावलं मागं. मग दोघे दर शुक्रवारी मिळून वाईट खेळू लागले. चेंडू बाभळीत गेला की साहेब मनमोकळे हसत, आणि रेणुकादास त्या दिशेला बघत उभा राही. लातूर साधारण त्याच बाजूला होतं.

चंद्रप्रभाबाई सुट्टी संपताच परत गेल्या. मोटारीत बसताना त्या म्हणाल्या, "खरं बोलायची काय गरज होती? जरा अजून चांगलं खेळायचं."

पुढं यावर हुसेनसाहेबांना पेन्शन मिळाली आणि ते हैदराबादला गेले. निघताना ते रेणुकादासाला मिठी मारून रडले, तोही रडला. नवे मोहतमीम आले, त्यांना हॉकीची आवड होती. त्यांनी लातूरच्या अर्जावर न वाचता सही केली.

लातूरच्या नाक्यावर रेणुकादासाला रात्रपाळी मिळाली. चंद्रप्रभाबाईंची शाळा दिवसाची होती.