बगळ्याकडे दाखवलेलं बोट

रसेल हॅव्हरकँपला काळजी करायला कारण लागत नसे. पण कारण मिळालंच तर तो ते वाया जाऊ देत नसे. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे जगात न ठोकलेल्या गाड्याही असतात यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. घराबाहेर पडला की तो शेगडी बंद आहे का हे पाहायला परत यायचा, मग दार लावलं का हे पाहायला पुन्हा. कॉफीचा कप त्याच्या हातात नेहमी बशीशी गप्पा मारायचा. असा माणूस सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालून ट्रॅकवर गाडी पिटाळतो, हे ओहायोतल्या त्या गावात कोणाला सांगून पटत नसे.

गाडी म्हणजे लाल, दोन माणसांची मियाता. घेतली तेव्हा चांगली होती, असं त्याची बायको नोरीन म्हणे. मग रसेलने ती सुधारली. स्प्रिंगा कडक केल्या, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून डोक्यामागे लोखंडी कमान बसवली, वजन कमी व्हावं म्हणून रेडिओ, एसी आणि पायाखालचा गालिचाही काढून टाकला. मऊ सीटच्या जागी बादलीसारखं टणक सीट आलं. आणि हीच गाडी सोमवारी ऑफिसला, रविवारी चर्चला. चर्चच्या आवारातला गतिरोधक ती तिरकी होऊन, एकेक चाक उचलत, नवी नवरी उंबरठा ओलांडते तशी ओलांडायची.

"लोकांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही," नोरीन म्हणायची, "आपल्या गाडीत दातातलं सिमेंट हलतं."

शेवटी तिच्या पाठीने हाय खाल्ली. चर्चमध्ये तिच्या शेजारी उभा राहून गाणाऱ्या ड्वेन पोलमनला तिने गाडी विकायची आहे असं सांगितलं, आणि तो रविवारी दुपारी गाडी बघायला यायचं ठरलंही. पण नोरीन न्यायी बाई.

"विकायच्या आधी तू तिथे करतोस तरी काय, ते एकदा बघते," ती म्हणाली. "शनिवारी मी शेजारी बसणार. मग राहील की जाईल, ते सांगेन."

शनिवारी सकाळी ट्रॅकवर पोचल्यापासून रसेल गाडीभोवतीच घुटमळत होता. त्याने चाकांचे नट आवळले, आवळलेले पुन्हा आवळले. गाडीत सुटी वस्तू राहता कामा नये म्हणून नोरीनच्या पेपरमिंटच्या गोळ्याही बाहेर काढून ठेवल्या.

"गोळीने काय गाडी उलटते?" नोरीनने विचारलं.

"ब्रेकखाली गेली तर?"

पट्टा कसा सोडायचा, आग लागली तर कुठल्या बाजूने उतरायचं, मान कशी धरायची, हे सगळं त्याने तिला दोनदा समजावलं. तिथला मुख्य नियम सांगायचा मात्र राहून गेला, आणि सकाळच्या सभेत तो सांगितला गेला तेव्हा नोरीन डोनटच्या रांगेत होती. नियम असा: ही शर्यत नव्हे, त्यामुळे कोणी आपणहून कोणाला मागे टाकायचं नाही. पुढच्या गाडीतून हात बाहेर येईल, बोट ज्या बाजूला दाखवेल त्याच बाजूने जायचं. शेजारी शिकवणारा बसला असेल तर तोही बोट दाखवतो. बोट म्हणजे शब्द.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. रसेल गाडीपेक्षा बायकोकडेच कान लावून होता. ती गप्प होती, आणि नोरीन गप्प असणं ही त्याच्या अनुभवात चांगली खूण नव्हती. मागे एक निळी गाडी बराच वेळ चिकटली होती. सरळ पट्टा जवळजवळ संपला होता, पुढे डावं वळण तोंडावर आलं होतं, आता त्या गाडीला वाट द्यायला वेळ उरला नव्हता. आणि तेवढ्यात उजव्या खिडकीतून नोरीनचा अख्खा हात बाहेर गेला.

"रसेल, बगळा! तो बघ तळ्यावर!"

निळ्याने बोट पाहिलं आणि उजवीकडून मुसंडी मारली. दोन गाड्या, एक वळण, आणि नोरीनच्या हातापासून वीतभरावर निळा पत्रा. ती किंचाळायचीही विसरली.

"हात आत घे," रसेल म्हणाला. आवाज असा की जणू जेवताना मीठ मागतोय. "जाऊ दे त्याला." त्याने वेग हलकेच काढून घेतला, गाडी आतल्या कडेला सुतासारखी धरली, आणि निळा पुढे निघून गेला.

लगेच काळं निशाण दिसलं: बाहेर या, जाब द्या. जाब विचारणारी गेल स्टुट्झमन ही पासष्टीची बाई, आणि आवाज असा की भोंगा नसला तरी चालेल.

"वळणाच्या तोंडावर वाट कोणी दिली?"

"मी," रसेल म्हणाला. "गाडीतले सगळे हात माझेच."

"काहीतरीच," नोरीन म्हणाली. "बोट माझं होतं. मी बगळा दाखवत होते."

गेलने एकदा तळ्याकडे पाहिलं. बगळा अजून तिथेच एका पायावर उभा होता, साक्षीला आल्यासारखा.

"बाई, इथे बोट दाखवून वाट देतात. बगळे दाखवत बसलात तर आपलीच वाट लागते. आजच्या दिवसाला पुरे. घरी जा."

गाडी उभी करून हेल्मेट काढल्यावर मात्र रसेलचे हात असे थरथरायला लागले की त्याला चावीही धरवेना. नोरीनने चावी त्याच्याकडून घेतली, त्याच्या हातांकडे पाहत राहिली आणि काहीच बोलली नाही. घरापर्यंत नाही. रात्रीच्या जेवणालाही नाही. रसेलने जे ओळखायचं ते ओळखलं.

रविवारी दुपारी ड्वेन आला. गाडीभोवती फिरून त्याने शीळ घातली. रसेल गॅरेजच्या दाराशी, लेकीला पाहायला आलेल्या मंडळींसमोर बाप उभा राहतो तसा उभा होता.

"बसून बघतो जरा," ड्वेन म्हणाला.

"बस की," नोरीन म्हणाली. "तुझ्या कमरेचं ऑपरेशन झालं ना रे मध्यंतरी? मग उतरताना हाक मार, दोघं मिळून ओढू. एसी नाही. रेडिओ नाही. चर्चच्या गतिरोधकावर मागचे लोक हॉर्न वाजवतात. पावसात पायाशी पाणी येतं आणि उन्हात सीट भाजतं. माझी पाठ बघ, माणसाची राहिलेली नाही."

रसेलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. विकायची तर विकावी, पण अशी अब्रू काढून?

ड्वेन अर्ध्यातच बाहेर आला, कमरेला हात लावून. "बायकोशी बोलून कळवतो," म्हणाला, आणि रस्त्याला लागला.

"अगं, असं कोणी गाडी विकतं का?" रसेल कळवळून म्हणाला.

"मी एक शब्द खोटा बोलले का?"

"नाही, पण..."

"मग झालं." नोरीन घरात जायला वळली आणि पायरीवर थांबली. "त्या सीटवर टाकायला एक उशी शिवते. आणि रसेल, काल त्या वळणावर तुझा हात जरासुद्धा हलला नव्हता. गाडी राहील."

ती आत गेली. रसेलने गॅरेजचं दार लावलं, मग लागलंय का ते पाहायला परत आला.