माझ्या अक्षरातली पट्टी

आमच्या ह्यांना लोक 'तपासणीस' म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता समोरच म्हणतात आणि हे हसतात. सव्वीस वर्षं औषधांच्या कारखान्यात होते. बाटलीवरचं लेबल आणि बाटलीतलं औषध एकच आहे ना, एवढंच बघायचं काम. निवृत्त झाले, पण डोळे अजून कामावरच आहेत. दाराला कुलूप लावतात, जिना उतरतात, पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघतात. मी खाली पिशव्या धरून उभी. "काय म्हणालं कुलूप? सगळं ठीक?" असं विचारायची माझी सवय.

भित्रा माणूस, असं मी तोंडावर म्हणायचे. आता म्हणत नाही.

गेल्या महिन्यात ह्यांच्या मोठ्या बहिणीचा, आमच्या ताईंचा, कॉम्प्युटर बंद पडला. ताई एकट्या राहतात आणि अंध मुलांच्या शाळेसाठी काम करतात. पुस्तकातल्या प्रत्येक चित्राचं त्या शब्दांत वर्णन लिहितात, म्हणजे बाकीचे चित्र बघत असताना ही मुलं नुसती बसून राहत नाहीत. बेडकाच्या आतल्या अवयवांचं एक चित्र त्यांनी चार दिवस लिहीत बसून पूर्ण केलं होतं. त्या वेळी पाच पुस्तकं हातात होती, अकरा महिन्यांचं काम, आणि ते सगळं त्या कॉम्प्युटरमधल्या डिस्कवर. ती डिस्क गेली तर काम बुडू नये म्हणून ह्यांनीच आत दुसरी बसवून दिली होती. रोज संध्याकाळी पहिलीची नक्कल दुसरीवर व्हायची.

डिस्कना काही झालं नव्हतं. गेला होता तो पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारा डबा. नवा निवडायला ह्यांनी नऊ दिवस लावले. आमचं लग्न याहून लवकर ठरलं होतं.

ताईंच्या कॉम्प्युटरची पेटी लहान, म्हणून सुट्या वायरींचा डबा हवा होता. लागतील तेवढ्याच वायरी जोडायच्या, बाकीच्यांची आत गर्दी नको. पण हे घाबरले होते ते त्या सुट्या वायरींनाच. जेवताना मला समजावून सांगितलं.

"दिसायला सगळ्या वायरी सारख्या. पण डब्याकडच्या टोकाला आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा. दुसऱ्या कंपनीची वायर लावली तरी ती झकास बसते. मग पाच व्होल्टच्या जागी बारा जातात आणि डिस्क जागच्या जागी मरते."

"मग कशाला घेता असला?"

"दुसरा त्या पेटीत मावत नाही गं."

शेवटी आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे त्याच कंपनीचा घेतला. घरातली एखादी वायर लागलीच तर चालेल, हे कंपनीच्या कागदावर तीनदा वाचलं, मग माझ्याकडून वाचून घेतलं. आणि खरंच लागली. डब्यासोबत आलेली वायर ताईंच्या डिस्कपर्यंत चार बोटं कमी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आमच्या फळीवरून लांब वायर काढली, पट्टी वाचली, पिशवीत टाकली आणि गेले.

त्या पट्टीवरचं अक्षर माझं होतं.

फळीवर तशा दोन लांब वायरी होत्या. एक आमच्या सप्लायची. दुसरी वेगळ्या कंपनीच्या, कधीच जळून गेलेल्या सप्लायची. आमच्याकडे टाकून काही द्यायचं नाही. दोन्हींवर ह्यांच्या बारीक अक्षरातल्या कागदी पट्ट्या होत्या, पार विटलेल्या. त्याच आठवड्यात फळी आवरताना मी त्या काढून नव्या पांढऱ्या पट्ट्या लावल्या. 'आपल्या सप्लायची.' 'जुन्या सप्लायची.' गोल, ठसठशीत अक्षर. ह्यांनी बघून "वा" म्हटलं होतं.

हे गेल्यावर मी पलंगावरची चादर धुवायला ओढली. तिच्या कडेला विटलेली पट्टी चिकटलेली होती. डोळ्यांजवळ धरून वाचली. 'जुन्या सप्लायची. तोंडं तीन.'

तेव्हा आठवलं. दोन्ही पट्ट्या काढून वायरी मी पलंगावर ठेवल्या होत्या, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं होतं. परत येऊन अंदाजाने पट्ट्या लावल्या. अंदाजाने, हे तेव्हा जाणवलंही नव्हतं.

फळीवर उरलेली वायर काढली. पट्टी माझी, 'जुन्या सप्लायची'. डिस्कला जोडायची तोंडं मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच.

ह्यांना फोन लावला तर बंद. काम करताना ते फोन बंद करून पिशवीत ठेवतात, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. ताईंचा वाजत राहिला. मी सहा वेळा लावला. त्यांच्या दोन्ही हातांत बॅटरी होती आणि "ताई, उजेड हलवू नकोस" असं ह्यांनी बजावलं होतं, हे मला नंतर कळलं.

ओढणीही न घेता निघाले. बस समोरून गेली, हात केला तरी थांबली नाही. चालत वीस मिनिटं. मी पळत सुटले, या वयात, या गुडघ्यांनी. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा तोंडातून नुसतं "मोजा हो, मोजा" येत होतं. ह्यांच्या पिशवीत व्होल्ट मोजायचा मीटर असतोच. हे काहीही मोजल्याशिवाय जोडत नाहीत. ज्या सवयीवर मी आयुष्यभर हसले, तिचाच आता आधार होता. तीन जिने चढले. दार उघडंच होतं.

पेटीतला पंखा फिरत होता. मला क्षणभर हायसं वाटलं.

मग पडद्यावरची ओळ वाचली. डिस्क सापडत नाही. ताई उभ्या होत्या, बॅटरी अजून चालू, उजेड फरशीवर. खोलीत जळकट वास होता. दोन्ही डिस्क एकाच वायरीवर जोडलेल्या; नक्कल ठेवताना तेवढा एक विचार राहून गेला होता. हे स्टुलावर बसून आता त्या वायरीला मीटर लावत होते.

"बारा," ते म्हणाले.

"तू तर सगळ्या वायरी मोजल्यास ना?" ताईंनी विचारलं. "मी बघत होते."

"डब्यासोबतच्या मोजल्या. कंपनीच्या असून मोजल्या. ही नाही मोजली."

"का रे?"

"हिचं अक्षर होतं."

मी मूठ उघडून ती विटलेली पट्टी पुढे केली. दुधाचं सांगितलं. ह्यांनी पट्टी वाचली, घडी करून खिशात ठेवली. "पळत आलीस का?" म्हणाले. "बस. पाणी पी." त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

डिस्कवरचं काही परत मिळालं नाही. आता मी रोज दुपारी ताईंकडे जाते. त्या चित्र बघून बोलतात, मी लिहिते. बेडूक परवा झाला.

मला कोणी एका शब्दाने दोष दिलेला नाही. फक्त काल मी डबे घासून नव्याने भरले, नव्या पट्ट्या लावल्या. हे भाजी ढवळत होते. 'मीठ' लिहिलेला डबा त्यांनी उघडला, थोडं बोटावर घेतलं आणि आधी चाखून पाहिलं. मी दारातून बघतेय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.